आयेल्ट्सच्या रीडिंगचा घरी सराव कसा करायचा

माझी मावसबहीण सांगलीला नर्स आहे. तिला यूकेला जायचं होतं, त्यासाठी आयेल्ट्स (IELTS) ही इंग्रजीची परीक्षा द्यायची होती आणि तिच्यातल्या रीडिंगमधे, म्हणजे वाचनाच्या पेपरात, 7 बँड (9 पैकी 7 गुण) हवा होता. दोन महिने ती रोज ड्युटीवरून आल्यावर एक अख्खा पेपर सोडवायची, आन्सर की बघून मार्क मोजायची आणि झोपायची, आणि मार्क काही केल्या 40 पैकी 24-25 च्या वर जाईनात. क्लासमधे विचारलं की एकच उत्तर, अजून पेपर सोडव. मला याचा खरंच राग येतो, कारण पोरं पैसे भरून जातात, दमून भागून अभ्यास करतात आणि त्यांना कुणी हे सांगतच नाही की पेपर सोडवणं हा सराव नव्हे, सराव सुरू होतो तो पेपर सोडवून झाल्यावर.

आधी पेपर कसा असतो ते बघू. परीक्षेचे अ‍ॅकॅडेमिक आणि जनरल असे दोन प्रकार असतात, मी अ‍ॅकॅडेमिकबद्दल बोलतेय. तीन मोठे उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला एक मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण 30 बरोबर आले की 7 बँड मिळतो, 23 आले की 6. म्हणजे 7 साठी सुद्धा दहा चुका चालतात, हे डोक्यात पक्कं बसलं की एकाच प्रश्नात अडकून घाम फुटणं बरंच कमी होतं.

पहिले दहा-बारा दिवस घड्याळ बाजूला ठेवा. एका दिवशी एकच उतारा घ्या, तो सुद्धा केंब्रिजच्या अधिकृत पेपरांतला, कारण नेटवर फुकट मिळणाऱ्या पीडीएफमधे बऱ्याचदा प्रश्नच चुकीचे असतात आणि मग आपण चुकीचंच शिकतो. प्रश्न सोडवताना नियम एकच, प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे (अपवाद फक्त नॉट गिव्हनचा, ते पुढे येतंच). उत्तराशेजारी ओळ किंवा परिच्छेदाचा नंबर लिहा. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर अंदाजाने आलंय असं समजा, त्यापुढे प्रश्नचिन्ह करा, मग ते बरोबर निघालं तरी नंतर तपासायचंच.

आता सगळ्यांना छळणारा प्रकार, ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या उलट जातं, की त्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही ते ठरवायचं. बहिणीला समजावताना मी एक छोटा उतारा मराठीतच तयार केला, कारण इंग्रजी बाजूला काढलं की मूळ घोळ नीट दिसतो.

“16 एप्रिल 1853 ला दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे निघाली. 34 किलोमीटरच्या या प्रवासात 14 डबे ओढायला तीन इंजिनं जोडली होती. डब्यांमधे फक्त निमंत्रित पाहुणे होते, सुमारे 400.”

पहिलं विधान, गाडीला एकापेक्षा जास्त इंजिनं होती. ट्रू. उताऱ्यात तीन म्हटलंय, प्रश्नात एकापेक्षा जास्त, शब्द बदलले पण अर्थ तोच. दुसरं, त्या दिवशी कुणीही तिकीट काढून गाडीत बसू शकत होतं. फॉल्स, कारण “फक्त निमंत्रित” हे शब्द त्याच्या सरळ विरुद्ध जातात. तिसरं, पाहुण्यांमधे भारतीयही होते. बहिणीने फटकन ट्रू लिहिलं. मी म्हटलं ओळ दाखव. तर म्हणाली, “अगं नाना शंकरशेट होते ना त्या गाडीत, शाळेत नव्हतं का आपल्याला?” होते, बरोबर आहे, पण या उताऱ्यात ते कुठे लिहिलंय? पाहुणे कोण होते याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. ती जरा वेळ कागदाकडे बघत बसली आणि मग स्वतःच जुने पेपर काढले, तर नॉट गिव्हनच्या तिच्या बहुतेक चुका अशाच निघाल्या, नर्स असल्यामुळे आजार, औषधं, झोप अशा विषयांवरच्या उताऱ्यांत ती स्वतःच्या माहितीवर उत्तरं देत होती.

तेव्हा विधान वाचलं की स्वतःला दोनच प्रश्न विचारा. उतारा हे म्हणतोय का? नसेल तर उतारा याच्या उलट म्हणतोय का? दोन्हीला नाही आलं की नॉट गिव्हन लिहून पुढे जा, उगाच आणखी दहा ओळी शोधत बसू नका. आणि ऑल, ओन्ली, मोस्ट, सम, नेव्हर असे शब्द विधानात दिसले की पेन्सिलीने गोल करा, अख्खं उत्तर बऱ्याचदा त्या एका शब्दावर फिरतं.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं, चुकांची वही. साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक चुकीसाठी प्रश्नाचा प्रकार, मी काय लिहिलं, बरोबर काय होतं, ती ओळ कुठली आणि मी का चुकले, एवढं लिहायचं. “का” मधे “लक्ष नव्हतं” असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. नीट लिहा, म्हणजे “हाऊएव्हरच्या पुढचं वाचलंच नाही” किंवा “दोन शब्द सांगितले होते, मी तीन लिहिले” असं. वहीच्या मागच्या बाजूला शब्दांच्या जोड्या ठेवा, प्रश्नात कुठला शब्द होता आणि उताऱ्यात त्याच्याऐवजी कुठला. चिल्ड्रनच्या जागी यंगस्टर्स, चीपच्या जागी अफोर्डेबल. हजार शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा या जोड्या कितीतरी जास्त कामाला येतात. एक उतारा सोडवायला 20 मिनिटं लागली असतील तर वहीला 40 द्या, हे जास्त वाटतं पण इथेच मार्क वाढतात.

परिच्छेदांना हेडिंग लावायचा प्रश्न असेल तर तो आधी करा, त्यात उताऱ्याचा नकाशा कळतो. परिच्छेद वाचून झाला की हेडिंगांकडे न बघता स्वतःच्या मनात मराठीत चार शब्दांत सांगा की हा कशाबद्दल होता, आणि मग त्याच्या जवळचं हेडिंग शोधा. परिच्छेदातलाच शब्द हेडिंगमधे जसाच्या तसा दिसला तर उलट जास्त सावध व्हा.

गाळलेल्या जागांत शब्द उताऱ्यातलाच आणि जसाच्या तसा लिहायचा, स्पेलिंग चुकलं की मार्क गेला.

दोन आठवड्यांनी घड्याळ लावा. तीन उताऱ्यांना सरसकट वीस-वीस मिनिटं देऊ नका, शेवटचा बहुतेक वेळा सगळ्यात अवघड असतो, म्हणून पहिला 16-17 मिनिटांत संपवून तिसऱ्यासाठी 23-24 ठेवा. एका प्रश्नावर दीड मिनिटाच्या वर गेलं की काहीतरी लिहून खूण करा आणि पुढे चला. तुमच्या केंद्रावर परीक्षा कागदावर होत असेल तर उत्तरं सोडवता सोडवताच आन्सर शीटवर लिहा, लिसनिंगला उत्तरं उतरवायला मिळतात तशी वेगळी दहा मिनिटं रीडिंगला नाहीत, आणि हे माहीत नसल्यामुळे पोरांची अख्खी पाच-सहा उत्तरं राहून जातात. कॉम्प्युटरवर देणार असाल तर सरावही स्क्रीनवरच करा, स्क्रीनवर लांब उतारा वाचताना डोळे वेगळे दमतात आणि माउसने हायलाइट करायची सवय आधीच लागलेली बरी.

शेवटच्या आठवड्यात बहिणीला मी नवीन पेपर हातात घेऊच दिला नाही. रोज वही उघडायची, जुन्या चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं झाकायची, पुन्हा सोडवायची आणि ओळीवर बोट ठेवायचं, बास. परीक्षेच्या आदल्या रात्री तर ती नुसती वहीची मागची बाजू वाचत होती, शब्दांच्या जोड्या, आणि दहाला झोपून गेली.