क्युप्रेटचा फेज डायग्राम कसा वाचायचा: घुमट राहू दे बाजूला, आधी कॅरिअर मोजा

क्युप्रेट म्हणजे कॉपर-ऑक्सिजनचे थर असलेले पदार्थ, त्यांच्या सुपरकंडक्टिव्हिटीवरचं कुठलंही लेक्चर घ्या, पहिल्या पाच मिनिटांत तो रंगीत नकाशा येतोच. डावीकडे उंच पट्टा, मधे घुमट, वरून तिरकी उतरणारी एक रेघ, आणि सगळ्यांची नजर लगेच घुमटावर जाते कारण सुपरकंडक्टिव्हिटी तिथे आहे. माझीही बरीच वर्षं तिथेच जायची आणि त्यामुळे नकाशा पाठ होता पण कळलेला नव्हता. मग एक सवय लावून घेतली आणि तेव्हापासून तो उलगडायला लागला, तीच इथे सांगतोय: नकाशावर जिथे बोट ठेवाल तिथे एकच प्रश्न विचारायचा, इथे दर कॉपर अणूमागे करंट वाहून नेणारे कॅरिअर किती आहेत?

कागद आणि पेन्सिल घ्या, छापलेला डायग्राम समोर ठेवू नका, स्वतः काढायचाय. आडव्या अक्षावर ० ते ०.३०, उभ्या अक्षावर ० ते ४०० केल्विन. आडव्या अक्षावरचा आकडा म्हणजे पी, कॉपर-ऑक्सिजनच्या पातळीत, म्हणजे सपाट थरात, दर कॉपरमागे जास्तीचे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, किती ते. इथेच पहिली चूक होते बघा. लॅन्थनम-स्ट्रॉन्शियमवाल्या क्युप्रेटमधे जेवढं स्ट्रॉन्शियम घातलं तेवढाच पी, हिशोब सरळ आहे, पण वायबीसीओमधे (यट्रियम-बेरियमवाला क्युप्रेट) कॉपर-ऑक्सिजनच्या साखळ्या पण असतात आणि ऑक्सिजन घातला की काही होल साखळीतच राहतात, म्हणून फॉर्म्युल्यातला ऑक्सिजनचा आकडा म्हणजे पी नव्हे. पेपर वाचताना आडव्या अक्षावर नक्की काय लिहिलंय ते आधी बघा, दोन पेपरचे आकडे न तपासता एकमेकांवर ठेवले तर पुढचं सगळंच चुकतं.

आता अगदी डावीकडे या, पी शून्य. इथे लॅन्थनम कॉपर ऑक्साईड, एकही जास्तीचा होल नाही. कॉपर दोन प्लस अवस्थेत, डी कवचात ९ इलेक्ट्रॉन, म्हणजे दर कॉपरवर एक जागा रिकामी. साधी बँड थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नाहीत असं धरणारा हिशोब, लावली तर बँड अर्धा भरलेला, म्हणजे मस्त धातू, दर कॉपरमागे एक कॅरिअर. प्रत्यक्षात हे मटेरियल इन्सुलेटर आहे, गॅप, म्हणजे करंट वाहायला आधी ओलांडावी लागणारी ऊर्जा, साधारण २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे थिअरी म्हणते १ आणि खरं उत्तर ०. कागदावर डावीकडे मोठ्ठं शून्य लिहा, कारण या एका विसंगतीतूनच बाकीचं सगळं निघतं.

असं का होतं? एकाच कॉपरवर दोन होल बसवायचे तर ते एकमेकांना एवढे ढकलतात की इतकी ऊर्जा मोजण्यापेक्षा प्रत्येक होल आपापल्या कॉपरवरच अडकून बसतो. गर्दीने भरलेला बोळ डोळ्यासमोर आणा, प्रत्येक जागेवर एक माणूस उभा आहे आणि एका जागेवर दोघे मावतच नाहीत, तर कोणीच हलू शकत नाही. पण हलायची किंचित मुभा मिळते ती शेजारच्याचा स्पिन (कणाचं अंगभूत चुंबकत्व) उलटा असेल तरच, आणि म्हणून शेजारी-शेजारी स्पिन एक वर एक खाली असे लागतात, हेच अँटिफेरोमॅग्नेट. लॅन्थनमवाल्यात ही रचना साधारण ३२५ केल्विनपर्यंत टिकते, पण शेजारच्या स्पिनमधली ओढ त्याहून खूप मोठी, तापमानात मोजली तर सुमारे १५०० केल्विन. हा आकडा लक्षात ठेवा कारण डोपिंग केल्यावर, म्हणजे जास्तीचे होल घातल्यावर, लांब पल्ल्याची शिस्त मोडते, ही ओढ मात्र आत तशीच शिल्लक असते. आता ३२५ पासून एक रेघ खाली आणा आणि पी ०.०२ ला शून्यावर टेकवा. एवढ्या कमी होलने ती शिस्त संपते, किती नाजूक आहे बघा.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. नवीन होल कॉपरवर जात नाही, ऑक्सिजनवर जातो, कारण क्युप्रेट हे चार्ज-ट्रान्सफर इन्सुलेटर आहेत, झानेन, सवात्झकी आणि ॲलन यांनी १९८५ मधे ही वर्गवारी मांडली, म्हणजे बेडनॉर्झ आणि म्युलर यांचा क्युप्रेट सुपरकंडक्टिव्हिटीचा १९८६ चा शोध लागायच्या आधीच. ऑक्सिजनवरचा होल आणि मधल्या कॉपरचा स्पिन मिळून एक जोडगोळी होते, तिला झांग-राइस सिंग्लेट म्हणतात, आणि ती जोडगोळीच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकते. हे मान्य केलं की तीन बँडचा किचकट हिशोब एका बँडवर येतो, म्हणून बहुतेक थिअरी पेपर एकाच बँडचं हबर्ड मॉडेल किंवा टी-जे मॉडेल (उड्या आणि परस्पर ढकलणं एवढंच धरणारी साधी मॉडेलं) घेऊन बसलेले दिसतात.

घुमट काढायला फार वेळ घालवू नका. टीसी म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते ते तापमान; टीसी भागिले जास्तीत जास्त टीसी बरोबर १ वजा ८२.६ गुणिले (पी वजा ०.१६) चा वर्ग, हा अनुभवावरून बसवलेला फॉर्म्युला आहे. पी ०.०५ आणि ०.२७ ला उत्तर शून्य, ०.१६ ला शिखर, ०.१० आणि ०.२२ ला शिखराच्या साधारण ७० टक्के. लॅन्थनम-स्ट्रॉन्शियमसाठी शिखर ३८ केल्विन धरा, वायबीसीओसाठी ९३, पाऱ्यावाल्या तीन-पातळ्यांच्या क्युप्रेटसाठी सुमारे १३४. घुमटाचा आकार तोच, उंची मात्र वेगळी. लॅन्थनमवाल्या कुटुंबात पी ०.१२५ जवळ एक खड्डा पडतो तो पेन्सिलने वेगळा दाखवा, तिथे होल आणि स्पिन पट्ट्यापट्ट्यांनी लागतात आणि सुपरकंडक्टिव्हिटीला अडवतात, १९९५ मधे न्यूट्रॉनच्या प्रयोगात हे पट्टे दिसले.

आता खरा मजकूर, घुमटाच्या वरचा भाग. सुपरकंडक्टिव्हिटी अजून आलेली नाही अशा तापमानाला मटेरियल साधा धातू असायला हवं ना? तर उजवीकडे, पी ०.२५ च्या पुढे, ते जवळपास तसं असतं. इथला पुरावा मला सगळ्यात सुंदर वाटतो आणि हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. जोरदार चुंबकीय क्षेत्रात रेझिस्टन्स हेलकावे खातो, त्याला क्वांटम ऑसिलेशन म्हणतात, आणि हेलकाव्यांची फ्रिक्वेन्सी थेट सांगते की फर्मी पृष्ठाने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या संवेगांच्या नकाशात भरलेल्या आणि रिकाम्या भागांमधल्या सीमेने, वेढलेलं क्षेत्रफळ किती. कॉपर-कॉपर अंतर सुमारे ३.८५ अँगस्ट्रॉम धरलं तर पूर्ण ब्रिलुआँ झोन (त्या नकाशाचा अख्खा चौकोन) म्हणजे साधारण २७,९०० टेस्ला. जास्त डोप केलेल्या थॅलियमवाल्या क्युप्रेटमधे २००८ मधे फ्रिक्वेन्सी मिळाली सुमारे १८,००० टेस्ला. भागा: ६५ टक्के. स्पिन दोन, म्हणून दुप्पट करा: १.३. म्हणजे १ अधिक पी. बँड थिअरी जे सांगत होती ते इथे अखेर खरं ठरलं, अडकलेला एक होल सुद्धा मोकळा झाला. कागदावर उजवीकडे लिहा, १ अधिक पी.

तोच हिशोब डावीकडच्या भागात करून बघा. कमी डोप केलेल्या वायबीसीओमधे २००७ मधे पहिल्यांदा हेलकावे दिसले आणि फ्रिक्वेन्सी निघाली ५३० टेस्लाच्या आसपास. भागल्यावर जेमतेम २ टक्के. एवढा मोठा फर्मी पृष्ठ गेला कुठे? शिवाय हॉल इफेक्टचं (चुंबकीय क्षेत्रात करंटला आडव्या तयार होणाऱ्या व्होल्टेजचं) चिन्ह ऋण आलं, म्हणजे तो छोटा खिसा होलचा नाही, इलेक्ट्रॉनसारखा वागणारा. तिथे कमी तापमानाला चार्ज ऑर्डर, म्हणजे चार्जची ठरावीक अंतराने दाट-विरळ होणारी रचना, तयार होते आणि ती मूळच्या पृष्ठाचे तुकडे करून नव्याने जोडते, २०१२ मधे एक्स-रे प्रयोगांत ती ऑर्डर वायबीसीओमधे थेट दिसली. म्हणून ५३० टेस्ला बघून लगेच पी काढायला जाऊ नका, तो खिसा म्हणजे पी नव्हे.

मग डावीकडे कॅरिअर किती? चार्ज ऑर्डरच्या भानगडीपासून दूर राहून हॉल इफेक्ट मोजला की उत्तर पी च्या जवळ येतं, १ अधिक पी नाही. २०१६ मधे वायबीसीओवर ८८ टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात जे मोजमाप झालं त्यात पी ०.१६ ते ०.२० च्या दरम्यान कॅरिअरची संख्या पी वरून १ अधिक पी कडे चढताना दिसते. ०.१९ जवळ एक उभी तुटक रेघ मारा, आणि तिच्या पायथ्यापासून डावीकडे वर जाणारी एक तिरकी रेघ काढा, कमी डोपिंगला ती २००-३०० केल्विनपर्यंत पोचते. हा टी-स्टार, आणि त्याच्या खालचा प्रदेश म्हणजे स्यूडोगॅप. लॅन्थनमवाल्यांत ही जागा थोडी सरकते, त्यामुळे ०.१९ हा आकडा सगळ्या कुटुंबांना तसाच लावू नका.

स्यूडोगॅपचं चित्र डोळ्यासमोर आणायचं असेल तर आर्पेसचे नकाशे बघा, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजायची ती पद्धत. चौकोनी झोन काढा, कर्णाच्या दिशेला नोड म्हणायचं, बाजूच्या मध्याजवळ अँटिनोड. स्यूडोगॅपमधे अँटिनोडकडचे इलेक्ट्रॉन गायब होतात आणि नोडभोवती फक्त एक कमान उरते, फर्मी आर्क. पूर्ण बंद पृष्ठ नाही, नुसता तुकडा. आर्पेसचा प्लॉट वाचताना आधी हे शोधा की कट कुठल्या दिशेने घेतलाय, नोडवरचा कट बघून कोणी म्हणालं की गॅप नाही तर ते बरोबरच आहे पण अर्धंच.

सुपरकंडक्टिंग गॅपलाही हीच दिशा आहे. कर्णावर शून्य, बाजूच्या मध्याकडे सर्वात मोठा, आणि शेजारच्या दोन पाकळ्यांचं चिन्ह उलट, याला डी-वेव्ह म्हणतात. चिन्हाची खात्री १९९३-९४ च्या स्क्विड (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) आणि तीन-क्रिस्टलच्या प्रयोगांनी पटवली, त्या तीन-क्रिस्टलच्या सांध्यावर अर्धा फ्लक्स क्वांटम आपोआप अडकलेला सापडला आणि डी-वेव्हची चिन्हं उलटी असल्यामुळे तो तिथे अडकणारच होता. टनेलिंगचा, म्हणजे अडथळ्यापलीकडे इलेक्ट्रॉन किती झिरपतात त्याचा, ग्राफ समोर आला तर तळ बघा: सपाट तळ म्हणजे सगळीकडे गॅप, इंग्रजी व्ही सारखा टोकदार तळ म्हणजे कुठेतरी गॅप शून्य. आणि गॅपची तुलना टीसीशी करा. बिस्मथवाल्या दोन-पातळ्यांच्या क्युप्रेटमधे अँटिनोडला ३५ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि टीसी ९० केल्विन धरलं तर दुप्पट गॅप भागिले बोल्टझमन स्थिरांक गुणिले टीसी येतं ९ च्या आसपास, जिथे नेहमीच्या सुपरकंडक्टरांच्या साध्या बीसीएस थिअरीचं उत्तर ३.५ आहे. एवढ्या फरकाला किरकोळ दुरुस्ती पुरत नाही.

राहिला घुमटाच्या डोक्यावरचा पंखा, स्ट्रेंज मेटल. तिथे रेझिस्टिव्हिटी तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते, लॅन्थनमवाल्यात तर १००० केल्विनपर्यंत, आणि कुठे थबकतच नाही. साध्या धातूत इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मधे निदान एका अणूपासून दुसऱ्यापर्यंत जायला हवा, ती मर्यादा इथे सहज ओलांडली जाते. धडकांमधला वेळ काढला तर तो एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले बोल्टझमन गुणिले तापमान एवढाच निघतो, ३०० केल्विनला सुमारे २५ फेम्टोसेकंद, आणि त्यात मटेरियलचा स्वतःचा आकडा जवळपास येतच नाही. मला अजूनही या क्षेत्रातला सगळ्यात खोल प्रश्न हाच वाटतो, इलेक्ट्रॉन जोड्या कशाने जुळवतात यावरही एकमत नाही पण निदान तिथे उमेदवार आहेत, इथे तर कण म्हणून नक्की कोण धावतंय हेच धड सांगता येत नाही.

आता हा कागद वापरून बघा. समजा बिस्मथवाला दोन-पातळ्यांचा सॅम्पल हातात आहे, टीसी ६५ केल्विन, कुटुंबाचं शिखर ९२ धरलं. फॉर्म्युला दोन उत्तरं देतो, पी ०.१० किंवा ०.२२, कारण घुमटाला दोन बाजू आहेत, नुसत्या टीसीवरून कुठली ते कळत नाही. रेझिस्टिव्हिटीचा ग्राफ काढा, पण पातळीतला आणि सिंगल क्रिस्टलचा, दाबून बनवलेल्या गोळीत कणांच्या सांध्यांचा रेझिस्टन्स मिसळतो आणि आकार फसवतो. वरच्या तापमानाच्या भागातून पट्टीने सरळ रेघ मारा आणि ती खाली वाढवा. थंड करताना डेटा रेघेच्या खाली घसरत असेल तर टी-स्टार ओलांडला, तुम्ही डाव्या बाजूला आहात. डेटा वरच्या बाजूला वळत असेल, म्हणजे तापमानाचा घात १ च्या वर जात असेल, तर उजवीकडे. शंका राहिली तर पातळीला आडवा रेझिस्टन्स मोजा, डावीकडे तो थंड करताना वाढतो. बाजू ठरली की कागदावर त्या जागी ठिपका द्या आणि शेजारी कॅरिअरचा आकडा लिहा, ०.१० किंवा १.२२.