कमी वजनाचं बाळ पुढे लक्ष देत नाही? तपासणी आणि घरचा सराव, क्रमानं

जन्मवजन 2500 ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या मुलांत लक्ष न टिकण्याची तक्रार जास्त दिसते. 1500 ग्रॅमच्या आत धोका आणखी वाढतो. यातली बरीच मुलं दंगा करत नाहीत. शांत बसतात, सांगितलेलं अर्धवट सोडतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत.

आधी माता-बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावरून जन्मवजन आणि जन्माचा आठवडा लिहून घ्या. बाळ 32व्या आठवड्यात झालं असेल, तर ते 8 आठवडे लवकर आलं. दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून तेवढे आठवडे वजा करून वाढ पाहा. दिवस भरूनही बारीक जन्मलेल्या बाळाला मात्र ही वजाबाकी लावू नका, नाहीतर खरा उशीर झाकला जातो. गफलत होते ती बहुधा इथेच.

मग कान, डोळे, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलही ‘लक्ष देत नाही’ असंच वाटतं, आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट असेल तर ते घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं, तर लोहाचं औषध मुलाच्या आताच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

तिसऱ्या वर्षापासून पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा. ‘वाटी आण आणि आजीला दे’ असं रोज पाचदा सांगा. किती वेळा दोन्ही कामं झाली ते लिहा. अंगणवाडीताईंनाही तसंच करायला सांगा. अडचण एकाच ठिकाणी दिसली, तर कारण तिथेच शोधा.

सराव असा: टीव्ही बंद करा, मुलाच्या उंचीला बसा, नाव घ्या, नजर मिळाल्यावरच बोला. भाकरी करताना ज्वारीच्या पिठाचा लहान गोळा हातात द्या. ‘गोल कर’ एवढंच सांगा. झालं की ‘दाब’. दोन्ही सूचना एकदम दिल्या, तर दुसरी हरवते. पाच मिनिटं पुरे. ‘शहाणा’ म्हणण्यापेक्षा ‘गोळा पूर्ण दाबलास’ म्हणा.

दोन वर्षांपर्यंत मोबाईल नको, पुढे चारपर्यंत दिवसाला 1 तासाच्या आत. तीन-चार वर्षांच्या मुलाला झोप 10 ते 13 तास हवी. घरात विड्या वळत असाल, तर विड्यांचं सूप आणि तंबाखू मुलापासून लांब ठेवा.

लक्षणं सहा महिने, घरी आणि बाहेर दोन्हीकडे टिकली, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा सोलापूरच्या सिव्हिलमधल्या बालरोग विभागात दाखवा. सहा वर्षांआतल्या मुलांसाठी आधी पालकांनाच वागणुकीचं प्रशिक्षण देतात. औषधाचा विचार नंतर. जाताना कार्ड, नोंदवही आणि कानांचा अहवाल सोबत न्या.