शाळेसाठी घरी स्पीकर बनवताय? या चुका टाळा

डिसेंबर आला की गुहागर काय, देवगड काय, शाळाशाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते, आणि भाड्याचा साउंड परवडत नाही म्हणून एखादे सर किंवा माजी विद्यार्थी बॅटरीवरचा स्पीकर स्वतःच बनवायला घेतात. जरूर बनवा, फार चांगलं काम आहे ते. पण पैसे नको तिथे जातात आणि पहिलीतल्या पोरीची कविता मागे बसलेल्या तिच्या आजीपर्यंत पोचतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वॅट बघून खरेदी करणं. टीपीए ३११६ चिपचा अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणारा, बोर्ड "१०० वॅट" म्हणून विकतात, पण ते दोन्ही चॅनल, म्हणजे दोन स्पीकरच्या जोडण्या मिळून, २१ व्होल्टच्या आसपास आणि ४ ओहमचे स्पीकर लावले तर. तुम्ही त्याला १२ व्होल्टची बॅटरी आणि ८ ओहमचा स्पीकर जोडला की एका चॅनलला जेमतेम ९ वॅट स्वच्छ मिळतात, त्यापुढे आवाज फाटतो. आणि समजा वॅट दुप्पट केले, तरी वाढतात फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). म्हणून आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तो किती डीबी आवाज देतो ते. कारमधला जुना वूफर ८७-८८ डीबीचा असतो, पीएचा, म्हणजे सभा-कार्यक्रमांसाठीचा, दहा इंची ९६-९७ चा मिळतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण आठवा-दहावा हिस्सा पॉवर पुरते! मैदानात भिंती नसतात, अंतर दुप्पट झालं की ६ डीबी गेले, १ मीटरवरून १६ मीटरवर जाईपर्यंत २४ डीबी गायब. बासच्या मागे लागू नका, बॅटरी तोच खातो आणि मुलांचे शब्द ऐकू यायला त्याची गरज नाही, बासचा नॉब खाली ठेवा.

१२ व्होल्ट कमी पडतात म्हणून दोन लेड ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडतात, ते ठीक आहे. पण या चिपची मर्यादा २६ व्होल्ट आणि चार्जिंग चालू असताना जोडीवर २८ च्या वर व्होल्ट जातात, त्यामुळे कार्यक्रमाच्या सकाळी चार्जर लावून वर गाणी चालू ठेवली की बोर्ड उडू शकतो. चार्जिंगला अँप सुटा करणारा स्विच ठेवा. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ ब्लेड फ्यूज हवाच, पोरं आजूबाजूला असतात, यात काटकसर नको.

जुन्या अँपच्या सवयीने दोन्ही स्पीकरच्या मायनस वायर एकत्र करणारे बरेच आहेत. या बोर्डात तसं अजिबात चालत नाही, चारही वायर वेगवेगळ्या न्यायच्या, मायनस बॉडीला किंवा बॅटरीच्या मायनसलाही लावायचा नाही. दोन बॉक्स लावूनही आवाज पोकळ येत असेल तर एकाच्या वायर उलट्या असणार, दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, दोन्ही स्पीकरचे पुढचे पडदे (कोन) एकाच दिशेला हलले पाहिजेत.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. स्वस्त म्हणून पार्टिकल बोर्डचा बॉक्स केला तर पहिल्या पावसाळ्यातच कडा फुगतात, स्क्रू धरत नाहीत, सांध्यातून हवा फुसफुसते आणि उरलासुरला बासही जातो. १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना आतून-बाहेरून रंग मारा, स्क्रू एसएसचेच वापरा. खाऱ्या हवेत दाबून बसवलेले कनेक्टर हिरवे पडतात, मग खरखर सुरू होते आणि सगळे अँपला शिव्या देतात! जमेल तिथे सोल्डर करा. पावसाळ्यात बॉक्स स्टोअरमध्ये नुसता टाकून देऊ नका, प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलसकट बांधा, बॅटरी बाहेर काढा आणि दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा, लेड ॲसिड रिकामी पडून राहिली की मेलीच.

वाऱ्याचा विचार तर कोणी करतच नाही. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, म्हणून दुपारच्या कार्यक्रमाला स्टेज समुद्राच्या बाजूला ठेवा, वारा पाठीमागून प्रेक्षकांकडे जाईल आणि आवाज लांबपर्यंत पोचेल. वाऱ्याविरुद्ध आवाज वर वळतो आणि मागची मंडळी "ऐकू येत नाही" म्हणून ओरडत बसतात. रात्री मतलई वारे उलटे वाहतात, तेही लक्षात असू द्या. बॉक्स जमिनीवर नको, बेंचवर बेंच ठेवण्यापेक्षा भक्कम स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर, आणि माइकच्या पुढे. मागे ठेवलात तर शिट्टी वाजणारच. माइकला फोमची टोपी घाला.

ब्लूटूथवरून चीं-चीं आवाज येत असेल तर तो मॉड्यूल अँपच्याच बॅटरीवर चालत असणार, त्याला वेगळी छोटी पॉवर बँक द्या किंवा आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीशी थेट जोड न ठेवता व्होल्ट बदलून देणारा तुकडा, बसवा. आवाज वाढवला की पट-पट करत बंद-चालू होत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा वायर बारीक आहे. आणि माइक कधीही ब्लूटूथवरून घेऊ नका, आवाज उशिरा येतो आणि मूल बोलता बोलता अडखळतं, साधा वायरवाला डायनॅमिक माइक आणि छोटा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल अँपला पुरेल इतका वाढवणारा) पुरतो.