जुना कॉम्प्युटर बदलताय? डेटा हलवताना या चुका टाळा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि घराघरांतली, दुकानांतली जुनी मशिनं बदलायची वेळ आली. नवीन कॉम्प्युटर तासाभरात सुरू होतो. जुन्यातलं काय राहून गेलं हे मात्र दोन-तीन महिन्यांनी कळतं, आणि तोवर जुना एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो.

नेहमीची चूक म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो उचलले की काम झालं असं समजणं. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची मेल लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असते, सहज दिसत नाही. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल कुठे आहे ते त्याच्या अकाउंट सेटिंगमध्ये बघून घ्या. टॅलीचा डेटा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. शिवाय जुन्या मशिनवरून टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करावं, म्हणजे सोडून द्यावं लागतं. मशीन देऊन टाकल्यावर आठवलं, तर मनस्ताप ठरलेला. क्रोमचे पासवर्ड फाइलमध्ये काढले असतील तर ती साधी, कुणालाही वाचता येणारी फाइल आहे. नव्यात घेतल्या घेतल्या डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

आता खास आपल्या भाषेची अडचण. जुनी मराठी पत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिका श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखंच दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत नाहीत. तिथे ‘क’ म्हणून जे दिसतं, ते आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो, इतकंच. फाइल नव्या मशिनवर नीट कॉपी होते, उघडतेही, पण पानभर अगम्य चिन्हं दिसतात. लोकांना वाटतं फाइल खराब झाली, आणि ते ती डिलीट करतात! फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट आलेला नसतो.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ काढून ठेवा. तिच्यात फॉन्ट सोबत जातो. पुढे मजकूर बदलायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो. मूळ फाइलही जपून ठेवा. सॉफ्टवेअरला डोंगल (यूएसबीमध्ये लावायची लायसन्सची चावी) लागत असेल तर तो जुन्या सीपीयूच्या मागेच राहणार नाही हे बघा.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फाइलवर ढगाचं चिन्ह असेल तर ती डिस्कवर नसून फक्त इंटरनेटवर आहे. इंटरनेट बंद असताना ती कॉपी होणार नाही. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: एका ठिकाणी डिलीट केलेली फाइल दुसरीकडूनही जाते.

मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो? जागा भरपूर असूनही असं होत असेल तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आत काही नसेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. स्वस्तात मिळणाऱ्या ‘२ टीबी’ पेनड्राइव्हपासून चार हात लांब राहा. त्यातले बरेच खोटे असतात, आकार मोठा दाखवतात आणि भरत गेलं की आधीचं पुसतात.

कट-पेस्ट कधीच नको, कॉपीच करा. मध्येच वीज गेली तर काय गेलं, काय राहिलं हेच कळत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या ताडून बघा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फाइली नव्या मशिनवर उघडा.

जुना लॅपटॉप चालूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून नव्या मशिनला लावता येते. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. लॅपटॉप ठीक असतानाच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

जुनं मशीन विकायची घाई मी तरी करत नाही. निदान तीन महिने कोपऱ्यात पडू द्या. मग देताना नुसतं क्विक फॉरमॅट करू नका, हार्ड डिस्कवरचा डेटा त्यानंतरही बाहेर काढता येतो. ‘रिसेट’मध्ये सगळं काढून टाकण्याचा पर्याय घेतल्यावर सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करा. त्याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा.