ट्राइकवर आडवा वारा लागला की या चुका टाळा

तीन चाकं आहेत, वारा काय वाकडं करणार, असं म्हणत लोक निघतात आणि पहिल्याच लांब पुलावर हँडल आवळून, दात-ओठ खात बसतात. सरळ रस्त्यावर वारा मोठी ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल, सहसा पाडत नाही, चारशे-पाचशे किलोचं धूड असतं ते. पण तो तिला लेनमधून सरकवतो, आणि सरकल्यावर घाबरून आपले हात जे करतात त्यानेच निम्म्याहून जास्त गोंधळ होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

बाइकचा हात ट्राइकवर चालवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जुन्या, मुरलेल्या बाइकवाल्यांकडूनच जास्त होते. समजा वारा डावीकडून आला. बाइकवर तुम्ही नकळत डावी मूठ पुढे ढकलता, बाइक डावीकडे झुकते आणि वाऱ्याला टेकून सरळ चालत राहते. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचार करावाच लागत नाही. आता न झुकणारी ट्राइक घ्या, म्हणजे कॅन-ॲम स्पायडर किंवा हार्लेची ट्राय ग्लाइड वगैरे. तिथे डावी मूठ पुढे ढकलली की चाक सरळ उजवीकडे वळतं. वारा आधीच उजवीकडे ढकलतोय, त्यात तुम्हीही तिकडेच वळवलंत, आणि गाडी दुप्पट सरकली की मेंदू म्हणतो अजून जोरात ढकल. इथेच लोक शेजारच्या लेनमध्ये जातात.

ट्राइकवर साधा हिशोब आहे, जिकडून वारा तिकडे हँडल. डावीकडून वारा असेल तर उजवी मूठ हलकीच पुढे, डावी थोडी आपल्याकडे. एवढंच, पण हे डोक्याला कळून उपयोग नाही, हाताला कळायला लागतं, म्हणून मोकळ्या मैदानात हळू वेगात वळणं मारून घ्या, आणि एकाच आठवड्यात बाइक पण आणि ट्राइक पण चालवत असाल तर बदल केल्यावर पहिली दहा मिनिटं जरा सांभाळूनच.

अपवाद झुकणाऱ्या तीनचाकींचा. यामाहा निकेन, पियाजिओ एमपी3 या गाड्या वळताना बाइकसारख्याच झुकतात, त्यामुळे तिथे बाइकचाच हात चालतो. त्यामुळे कुणाचा सल्ला ऐकण्याआधी त्याची गाडी झुकणारी आहे की न झुकणारी हे विचारा, नाहीतर बरोबर सल्ला चुकीच्या गाडीवर वापरला जातो.

हँडल आवळून धरणं

वारा फक्त गाडीला लागत नाही, तुमच्या छातीला, खांद्यांना, हेल्मेटला पण लागतो. कोपरं ताठ असतील तर अंगाला बसलेला प्रत्येक धक्का थेट हँडलमध्ये उतरतो आणि मग वाटतं गाडीच डगमगतेय. पाय फूटरेस्टवर दाबून बसा, गुडघे-मांड्या सीटला घट्ट, कंबरेतून अंग थोडं वाऱ्याच्या बाजूला आणि खाली, कोपरं सैल. जॅकेटची चेन पूर्ण लावा, फडफडणारं जॅकेट विनाकारण थकवतं.

ट्रकच्या बाजूने जाताना

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण इथे वारा एकदा नाही, तीनदा बदलतो. धरा की वारा ट्रकच्या बाजूने येतोय आणि तुम्ही त्याला ओव्हरटेक करताय. मागून येताना तुम्ही वाऱ्याकडे, म्हणजे ट्रकच्याच दिशेला, हँडल थोडं धरून ठेवलंय. ट्रकच्या आडोशात शिरलात की वारा एकदम गायब, पण हँडल तसंच, आणि गाडी ट्रककडे खेचल्यासारखी जाते. लोक याला ट्रकने आत ओढलं म्हणतात, पण बऱ्याचदा ते आपलंच धरून ठेवलेलं हँडल असतं. मग ट्रकच्या तोंडाजवळ आलात की त्याने फाडलेल्या हवेचा धक्का आणि आडोसा संपल्यावरचा पूर्ण वारा, दोन्ही एकदम बाहेर ढकलतात.

उपाय काय, तर आडोशात शिरतानाच हँडल सरळ करायचं, आणि पुढे फटका बसणार हे आधीच गृहीत धरून चालायचं. ट्रकच्या बरोबरीने रेंगाळत तर अजिबात जायचं नाही. उलट परिस्थिती, म्हणजे वारा तुम्हाला ट्रककडे ढकलतोय आणि मधे जागा कमी, तर ओव्हरटेक सोडून द्या, मागे राहा. बोगद्याचं तोंड, डोंगर कापून केलेला रस्ता जिथे संपतो ती जागा, पुलाची सुरुवात, इमारतींमधली फट, सगळीकडे हाच खेळ, आडोसा संपला की फटका.

कुठलं वळण वाईट हे न ओळखणं

बऱ्याच जणांना वाटतं वाऱ्याच्या दिशेने वळलो की बरं, वारा समोरून येईल. वळण पूर्ण होईपर्यंत गणित उलटं असतं. डावीकडून वारा आहे आणि रस्ता डावीकडे वळतोय, तर वळणाचा जोर तुम्हाला उजवीकडे, बाहेर फेकतोय आणि वारा पण उजवीकडेच ढकलतोय. दोन्ही एकत्र आले की आतलं चाक हलकं होतं. अशा वळणाआधीच, सरळ रस्त्यावर असतानाच वेग उतरवा. वळणात जोरात ब्रेक मारू नका, त्यातही पुढे एक चाक असलेल्या ट्राइकवर तर नकोच, कारण ब्रेकने वजन पुढच्या एकट्या चाकाकडे जातं आणि गाडी कलंडायला सोपी होते. पुढे दोन चाकं असलेली ब्रेकमध्ये बरी, पण तिच्यावर वळणात थ्रॉटल पिळलं की वजन मागच्या एकट्या चाकाकडे जातं. आणि स्टॅबिलिटी कंट्रोल आहे म्हणून निवांत होऊ नका, ते पॉवर कापेल, ब्रेक लावेल, पण लेनमध्ये धरून ठेवायचं काम तुमचंच.

वेग आणि जागा

वेग कमी करा हे सगळेच सांगतात, का ते कमी जण सांगतात. ताशी 100 ला एका सेकंदात गाडी जवळपास 28 मीटर जाते, 70 ला साडेएकोणीस. म्हणजे फटका बसून हात हलेपर्यंत तुम्ही किती लांब आणि किती आडवे गेलेले असता ते बघा. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वारा दुप्पट झाला की धक्का चौपट. पण म्हणून पळत्या रस्त्यावर 40 ने रांगू नका, मागून कुणीतरी ठोकेल.

जागेचं म्हणाल तर स्पायडरसारखी गाडी साधारण दीड मीटर रुंद, लेन साडेतीन मीटरची धरली तर मधोमध असताना दोन्हीकडे एकेक मीटर उरतो. तेव्हा वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला थोडं सरकून चाला, म्हणजे ढकललं तरी जागा राहील. मागे दोन चाकं असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, तुम्ही बघता पुढचं चाक आणि कडेवरून उतरतं मागचं.

वारा नसतानाही गाडी भटकतेय?

मग वाऱ्याला दोष देऊ नका. आधी टायरची हवा बघा, डाव्या-उजव्या टायरमध्ये फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, बाइकच्या अंदाजाने भरू नका. मग पुढची एलाइनमेंट, मग हँडलची बेअरिंग, पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हलवून बघा, खडखड किंवा अडखळ जाणवली तर मेकॅनिककडे.

त्यानंतर सामान. मागे उंच टॉप बॉक्स, त्यात जड वस्तू, वर पिलियन म्हणजे मागे बसणारा, आणि पुढे एकच चाक, तर पुढचा भाग हलका होतो आणि हँडल पोकळ लागतं. जड सामान खाली आणि पुढे आणा. विंडशील्ड हँडलला जोडलेलं असेल तर वाऱ्याचा प्रत्येक झोत तुमच्या हातात येणारच, काढता येत असेल तर वाऱ्याच्या दिवशी काढून बघा, फरक लगेच कळतो.

कधी थांबायचं

फोरकास्टमध्ये नुसता सरासरी वारा बघतात लोक, झोतांचा आकडा बघा, तोच धक्का देतो. रस्त्यावर झाडांच्या मोठ्या फांद्या हलत असतील तर वारा ताशी 39 ते 49 किलोमीटरच्या घरात, अख्खी झाडं डोलायला लागली तर 50 च्या वर. वारा दाखवणाऱ्या कापडी विंडसॉकवर (खांबावरच्या लांब पिशवीवर) फार विसंबू नका, विमानतळावरचे सॉक ताशी 28 किलोमीटरच्या आसपासच पूर्ण ताठ होतात, पुढे वारा 60 झाला तरी ते दिसायला तसेच. अख्खी झाडं डोलत असताना वर पाऊस असेल तर मी तर गाडी बाजूला घेतो, कारण ट्राइकचे रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात आणि तेव्हा हँडल कितीही बरोबर वळवलं तरी पकडच नसते.

थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावा, झुकणारी असेल आणि तिला टिल्ट लॉक (झुकणं अडवणारं लॉक) असेल तर ते पण. कव्हर घालणार असाल तर खालचा पट्टा बांधा, सैल कव्हर वाऱ्याने फडफडून रात्रभरात रंग घासतं.