कोरियन संस्कृतीचा वर्ग लावलाय? गृहपाठात या चुका टाळा

कोरियन संस्कृतीच्या आठवडी वर्गाला निम्मे लोक मालिका बघून येतात. उरलेल्यांपैकी बरेच नोकरीपायी येतात, कारण रांजणगाव, तळेगावपासून रायगडातल्या विळे भागाडपर्यंत कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. अलीकडे शाळकरी मुलंही दिसतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आलं, तेव्हापासून पालक चौकशी करतात. येण्याचं कारण काहीही असो, आठवड्यातून दीड तास वर्गात बसून फारसं पदरात पडत नाही. खरं शिक्षण होतं ते गृहपाठात, आणि घोळही तिथेच होतात.

या वर्गांचे गृहपाठ तपासताना मी प्रत्येक वहीत तीनच गोष्टी शोधते: कोण, कोणासमोर आणि कधी. कोरियन रीतिरिवाजात कुठलीही कृती या तिन्हीशिवाय सुटी उभी राहत नाही. खालच्या बहुतेक चुका यांतलं एखादं उत्तर गाळल्यामुळे होतात.

विषय अख्ख्या देशाएवढा घेणं

'कोरियन खाद्यसंस्कृती' असा विषय घेतला की वीस स्लाइड होतात आणि एकही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एका माणसाचं जेवणाचं पान घ्या. जेवणाऱ्याच्या डावीकडे भाताची वाटी, उजवीकडे सूप, त्याच्याही उजवीकडे चमचा आणि धातूच्या चॉपस्टिक्स. भात नि सूप चमच्याने खायचं, बाकीचे पदार्थ चॉपस्टिक्सने उचलायचे. वाटी हातात घेऊन तोंडाशी न्यायची नाही. जपानी पद्धत इथे वेगळी आहे. आणि घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय सुरुवात करायची नाही. भातात चमचा उभा खोचतात तो पूर्वजांसाठीच्या 'जेसा' विधीत, म्हणून एरवी चमचा किंवा चॉपस्टिक्स तशा खोचणं अभद्र मानतात. एवढ्यात एका आठवड्याचा गृहपाठ झाला की! फोटोसाठी घरातलीच भांडी मांडलीत तरी चालतं.

'म्हणजे त्यांची दिवाळीच' असं लिहिणं

छुसॉक हा सण आला की दर वर्षी हे वाक्य येतं. तुलना करू नका असं माझं म्हणणं नाही, तुलनेवाचून आपल्याला काही कळतच नाही. पण ती पहिल्या ओळीवर थांबते, हे वाईट.

छुसॉक आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी येतो, म्हणजे पौर्णिमेला. 2024 मध्ये तो 17 सप्टेंबरला होता, त्या दिवशी आपल्याकडे गणपती विसर्जन चाललं होतं. 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला, ऐन कोजागरीच्या दिवशी आला. सकाळी नव्या धान्याच्या अन्नाने पूर्वजांसाठी 'छारे' विधी होतो, मग कुटुंब पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन येतं. त्याआधी काही दिवस तिथलं वाढलेलं गवत कापून ठेवतात. तांदळाच्या पिठाचे, आत तीळ किंवा कडधान्याचं सारण भरलेले सोंगप्यॉन पाइनच्या पानांवर वाफवतात. हे सगळं वाचल्यावर दिवाळीपेक्षा पितृपक्ष आणि नवान्न जवळचे वाटतील. तेही अर्धंच खरं. आपण पितृपक्षात नवी खरेदी टाळतो; तिकडे छुसॉक म्हणजे भेटवस्तूंचे खोके, तीन दिवसांची सुट्टी आणि गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तासन्‌तास अडकलेल्या गाड्या.

वर्गासाठी साधा नियम: एक साम्य लिहिलंत की त्याच परिच्छेदात एक फरक लिहा. फरक सापडत नसेल तर वाचन अपुरं आहे.

सेबेच्या व्हिडिओत दोनदा वाकणं

सॉल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष. त्या सकाळी धाकटे थोरल्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात, त्याला सेबे म्हणतात. थोरले आशीर्वाद देतात, मुलांना पैसे मिळतात. गृहपाठ म्हणून सेबेचा व्हिडिओ करायला सांगितला की उत्साहाच्या भरात काही जण दोनदा वाकतात. जिवंत माणसाला एकदाच. दोनदा वाकणं हे मृतांसाठी, जेसाच्या वेळी. आजीसमोर बसून दोनदा वाकलेला नातू बघून कोरियन पाहुण्याचा चेहरा कसा होईल, कल्पना करा.

हातांचंही तसंच. सेबेच्या वेळी एका हातावर दुसरा ठेवतात: पुरुषांचा डावा हात वर असतो, बायकांचा उजवा. अंत्यविधीला हे उलटं होतं. इथे एक तांत्रिक भानगड आहे. बऱ्याच फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याचा व्हिडिओ आरशासारखा उलटा साठवला जातो, त्यामुळे हात बरोबर ठेवूनही व्हिडिओत चुकीचा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याने चित्रण करा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन ते उलटणं बंद करा. तपासणारा गुण कापतो तेव्हा विद्यार्थी हैराण होतो, आणि दोघांपैकी कुणालाच कळत नाही की दोष फोनचा आहे.

किमची: पाककृती लिहिली, किमजांग राहिलं

हा सगळ्यांचा लाडका प्रकल्प, आणि सर्वांत जास्त बिघडणाराही. आधी बरणीतल्या अडचणी घेऊ.

कोबी आपला गोल गड्डा नको, लांबट पानांचा हवा. मोठ्या भाजीवाल्यांकडे तो चायनीज कोबी म्हणून मिळतो. उभा चिरून पानापानांत मीठ घालायचं, देठाकडच्या जाड पांढऱ्या भागाला जास्त. बारीक मिठाऐवजी खडे मीठ घ्या. बारीक मीठ पटकन विरघळतं, पातळ पानं खारट होतात आणि देठ कोराच राहतो. किती तास ठेवायचं याचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो, त्यापेक्षा देठ वाकवून बघा. न मोडता सहज दुमडला की झालं. मग तीन पाण्यांतून धुऊन चांगला निथळू द्या. निथळण्यात घाई केली की मसाला पातळ होतो आणि किमचीचं पाणचट लोणचं बनतं.

तिखटाची दुसरी गफलत. कोरियन गोछुगारू म्हणजे बिया काढलेल्या सुक्या मिरचीचा जाडसर भरडा. आपलं लाल तिखट वस्त्रगाळ असतं, शिवाय बहुधा जहाल. ते त्याच मापाने घातलं तर तोंड पोळेल आणि मसाल्याचा चिखल होईल. गोछुगारू मिळालं नाही तर ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवा. रंग सुरेख येतो आणि तिखटपणा आवाक्यात राहतो.

उरली हवा. कोरियन व्हिडिओत 'दोन दिवस बाहेर ठेवा' म्हणतात ते त्यांच्या घरातल्या गारव्याला. एप्रिल-मेमध्ये नागपुरात किंवा पुण्यात अर्धा दिवसही पुरतो. बरणी काठोकाठ भरू नका, वर चांगली मोकळी जागा ठेवा, झाकण गच्च आवळू नका आणि खाली ताटली ठेवा. आंबताना वायू सुटतो आणि रस वर चढतो. बुडबुडे दिसून आंबूस वास आला की थेट फ्रिजमध्ये. कोबी नेहमी रसाखाली दाबलेला असावा. पृष्ठभागावर रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर चव बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

शाकाहारी घरांत अडचण वेगळीच. नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, आणि हे विद्यार्थ्याला बरणी भरल्यावर कळतं. त्यासाठी शाकाहाराची तडजोड शोधायची गरज नाही. कोरियातल्या बौद्ध मठांचं जेवण बघा. तिथे मासे नाहीतच, शिवाय लसूण-कांद्याच्या जातीच्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य. खारटपणा मीठ आणि सोया सॉसमधून आणतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरासाठी हा प्रकल्प घरबसल्या जमतो, आणि वर्गात सहसा कुणी केलेला नसतो.

इतकं सगळं जमलं तरी हातात येते ती पाककृती. 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत दक्षिण कोरियाचं जे नोंदलं गेलं ते किमजांग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून ढिगाने किमची घालणं आणि वाटून घेणं. उत्तर कोरियाची किमचीची परंपराही 2015 मध्ये यादीत आली. शेजारणी आज एकीकडे, उद्या दुसरीकडे राबतात, सासूची चव सुनेच्या हातात उतरते, परतताना प्रत्येकीच्या हातात वाटा असतो. तेव्हा बरणीसमोर एकट्याने काढलेला फोटो देऊ नका. सोसायटीतल्या चार-पाच जणांना बोलवा आणि कोबी कुणी चिरला, मिठाचा निर्णय कुणी घेतला, वाद कशावर झाला, वाटे कसे पडले ते लिहा. माझ्या मते गुण या पानाला आहेत, चवीला नाहीत. आणि 'पुरातन काळापासूनची लाल किमची' असं लिहू नका; मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती आशियात सोळाव्या शतकात पोचली. आपल्या ठेच्याचीही गोष्ट तीच.

मालिकेला पुरावा मानणं

हानबोकचा प्रकल्प असला की मालिकेतला स्क्रीनशॉट चिकटवलेला असतोच. खाली 'पारंपरिक कोरियन पोशाख', बस्स. कुठल्या शतकातला? जोसॉन राजवट 1392 मध्ये सुरू झाली आणि पाचशे वर्षांहून जास्त टिकली. सुरुवातीच्या काळात बायकांची जॉगोरी, म्हणजे वरचा अंगरखा, कमरेपर्यंत लांब होता. शेवटच्या काळापर्यंत तो आखूड होत छातीपाशी आला. ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात भाड्याच्या हानबोकमध्ये फिरणाऱ्या पर्यटकांचे चमकदार घागरे तर आजचे. हानबोक घातला की तिथे प्रवेश फुकट आहे, त्यामुळे फोटोंचा तोटा नाही, पण ते फोटो जोसॉनचा पुरावा नव्हेत.

कोरियन प्रेक्षक स्वतः या बाबतीत फार कडक आहेत. 2021 मध्ये जोसॉन काळावरच्या एका मालिकेत चिनी धाटणीचे पदार्थ मांडल्यावर असा गदारोळ झाला की दोन भागांनंतर ती बंदच पडली. मालिका बघा, जरूर बघा, पण त्यातली एक वस्तू निवडून ती सोलच्या राष्ट्रीय लोकसंग्रहालयाच्या ऑनलाइन कोशात शोधा. तो कोश इंग्रजीतही आहे.

अयोध्येची राजकन्या इतिहास म्हणून छापणं

भारत-कोरिया संबंध म्हटलं की हॉ ह्वांग-ओक हमखास. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकात इर्‌यॉन नावाच्या भिक्षूने संकलित केलेल्या ग्रंथात कथा आहे: 'आयुता' देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि इ.स. 48 मध्ये तिने गाया राज्याच्या सुरो राजाशी लग्न केलं. गिमहे शहरात तिची समाधी दाखवतात, आणि अयोध्येत 2001 मध्ये तिचं स्मारक झालं. पण ग्रंथ आणि घटना यांत बाराशे वर्षांचं अंतर आहे, आणि आयुता म्हणजेच अयोध्या हे सर्वमान्य नाही. 'अशी कथा आहे' एवढे तीन शब्द घाला, प्रकल्प वाचतो. उलट, इतकी माणसं आजही ती कथा आपली का मानतात, हा प्रश्न कितीतरी रसाळ आहे. गिमहेचे किम आपला वंश सुरो राजापर्यंत नेतात.

अॅपने भाषांतर करून थेट पाठवणं

'एका कोरियन व्यक्तीची मुलाखत घ्या' हा गृहपाठ कंपनीत काम करणारे चटकन उरकतात. प्रश्न इंग्रजीत लिहायचे, अॅपमध्ये टाकायचे, साहेबांना पाठवायचे. अॅप 'तुम्ही'साठी पुष्कळदा 'दांगशिन' घालतं, आणि तो शब्द अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाला उद्देशून वापरला तर भांडणाचा सूर लागतो. कोरियनमध्ये अशा ठिकाणी सर्वनाम गाळतात, नाहीतर आडनाव, हुद्दा आणि 'निम' म्हणतात: किम ग्वाजांग-निम, म्हणजे विभाग सांभाळणारे किमसाहेब. नुसत्या आडनावाला 'शी' लावून 'किम-शी' म्हणणंही तुसडं वाटतं. आणि मालिकेतलं 'ओप्पा' कार्यालयात नको. ते बाईने थोरल्या भावाला किंवा जवळच्या थोरल्या पुरुषाला म्हणायचं असतं. एका मुलाने दुसऱ्याला ओप्पा म्हटलं की हशा पिकतो.

वय विचारलं गेलं तर राग मानू नका, कसं बोलायचं हे त्यावरून ठरतं. मात्र 'कोरियात मूल जन्मतःच एक वर्षाचं' हे वाक्य जपून वापरा. 28 जून 2023 पासून कायदेशीर कामांत आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय धरतात, बोलण्यात जुनी पद्धत अजून डोकावते.

झेंडा, नकाशा आणि बाकी किरकोळ

तेगुक्गी, म्हणजे दक्षिण कोरियाचा झेंडा, हाताने काढताना कोपऱ्यांतल्या रेघा चुकतात. तुकडे मोजा: डावीकडे वर तीन, खाली चार, उजवीकडे वर पाच, खाली सहा. गोलात लाल वर, निळा खाली. नकाशा नेटवरून उचलला तर पूर्वेच्या समुद्राचं नाव बघून घ्या; कोरियन लोक त्याला 'पूर्व समुद्र' म्हणतात. तिथे 'जपानचा समुद्र' छापलेला असेल तर कोरियन पाहुण्यासमोर तो भिंतीवर लावू नये.

हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, पुढे ढकलू नका. चोवीस मूळ अक्षरं दोन आठवड्यांत येतात, आणि देवनागरीत उच्चार लिहून काम भागवणारे सहाव्या आठवड्यात अडकतात, कारण साहित्य शोधायचं तर शब्द हांगुलमध्येच टाकावा लागतो. एखादा आठवडा बुडाला तर मागचा गृहपाठ भरून काढत बसू नका, चालू आठवड्याचा करा. मागचा सुट्टीत होतो.

विषय सुचत नसेल तर 1950 च्या कोरियन युद्धात गेलेली भारतीय लष्कराची 60 वी पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स घ्या, किंवा 1953 मध्ये जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखाली युद्धकैद्यांचा प्रश्न हाताळणारा आयोग. त्यावर मराठीत फार लिहिलेलं नाही, आणि नातेवाइकांत कुणी निवृत्त फौजी असतील तर चौकशीची सुरुवात तिथून करता येते.