पाऊस थांबला? सखल कोपऱ्यातले पाणी पाचव्या दिवसाच्या आत काढा

संततधार चालू असते तेव्हा डासांच्या अळ्या बऱ्याचशा वाहून जातात. धोका असतो तो उघडिपीचा. ऊन पडते, साचलेले पाणी कोमट होते आणि अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. बाकीची कामे दोन दिवस मागेपुढे झाली तरी चालेल, पण शेताच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात तुंबलेले पाणी पाचव्या दिवसापर्यंत उतरलेच पाहिजे. दुपारी त्यात हात घातल्यावर पाणी कोमट लागले, तर चौथ्याच दिवशी काढा. हा अंदाज आहे, नियम नव्हे. पण त्यात चूक झाली तरी तोटा काही नाही.

या कोपऱ्याकडे दुर्लक्ष होते, कारण वाटेवरून तो दिसत नाही. भात असेल तर तिथली रोपे बुडून फुटवे कमी येतात. कडधान्य किंवा भाजीपाला असेल तर मुळे कुजतात. एवढ्यावर भागले असते तर चार ओळींचे नुकसान म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच पाण्यातले डास निंदणीच्या आणि खताच्या ऐन आठवड्यात घरातली दोन माणसे तापाने झोपवतात, आणि मग कोपऱ्याबाहेरचे शेतही तण खाते.

जमीन तसा डास

सगळे डास एकाच पाण्यात वाढत नाहीत. जमिनीचा वापर बदलला की डासाची जातही बदलते, म्हणून शेजाऱ्याचा उपाय आपल्याकडे लागू पडेलच असे नाही. मलायात (आजच्या मलेशियात) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्कम वॉटसन या ब्रिटिश डॉक्टरांनी सपाटीवरचे सावलीतले पाणथळ जंगल तोडून निचरा केला आणि हिवताप घटला. तिथला अ‍ॅनॉफेलिस अम्ब्रोसस हा डास सावलीतल्या पाण्यात वाढणारा. टेकड्यांवर जंगल तोडले तेव्हा उलटे घडले. ओढ्यांवर ऊन आले आणि उन्हातल्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाढणारा अ‍ॅनॉफेलिस मॅक्युलेटस फोफावला.

आपल्या शेताकडे याच नजरेने बघा. नुकतीच लावणी झालेले खाचर, पाटाची झिरप, बैलांच्या खुरांचे आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे खड्डे ही उघडी, उथळ, उन्हातली पाणी हिवतापाच्या अ‍ॅनॉफेलिसची. क्युलेक्स ट्रायटिनिओरिंकस हा जपानी मेंदूज्वराचा डासही खाचरातलाच. त्याला माणसापेक्षा गुरे आणि डुकरे अधिक प्रिय. त्यातही विषाणू वाढतो तो डुकरांच्या अंगात, गुरांच्या नाही. म्हणून वराहपालनाची शेड भातशेती आणि घर या दोहोंपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. गोठ्याच्या सांडपाण्यात आणि तुंबलेल्या गटारात क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस वाढतो, तो हत्तीरोगाचा. फळबागेत आणि रबराच्या मळ्यात करवंट्या, चिकाच्या वाट्या, बांबूचे कापलेले खुंट, झाडांच्या ढोल्या यांत एडिस अल्बोपिक्टस, तो डेंगीचा. तिथे खाचराचे उपाय कामाचे नाहीत, ते भांडे पालथे करावे लागते.

तळ्यात जलपर्णी असेल तर मॅन्सोनिया हा डास. याची अळी श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतच नाही, वनस्पतीच्या मुळांना चिकटून त्यांतली हवा घेते. पाण्यावर तेल टाकण्याचा सल्ला इथे वाया जातो. वनस्पती मुळासकट ओढून बाहेर टाका.

कोपरा उतरवायचा कसा

आधी शेताची पातळी पाण्यानेच मोजा. खाचरात साधारण 5 सें.मी. पाणी धरा आणि दहा ठिकाणी काठी रोवून खोली बघा. सर्वांत खोल आणि सर्वांत उथळ जागेत 5 सें.मी.पेक्षा जास्त फरक आला, तर पाणी सोडले तरी खोलगटात डबकी राहणारच. यंदा तिथपर्यंत हाताने चर ओढा, सपाटीकरण पुढच्या चिखलणीला.

चर खालच्या बांधालगत घ्या. तळाला दर 100 मीटरला किमान 10 सें.मी. उतार द्या. चर काढूनही पाणी उतरत नाही, याची कारणे बहुतेक ठिकाणी हीच असतात: चराचे तोंड शेताच्या तळापेक्षा उंच राहिलेले, तोंडाशी गाळ आणि गवत बसलेले, किंवा चर बांधासाठी माती काढलेल्या खड्ड्यात सोडलेला. शेवटच्या प्रकारात डबके फक्त जागा बदलते. चरातले गवतही कापत राहा. संथ पाणी आणि काठाचे गवत मिळाले की निचऱ्याचा चरच अळ्यांचे घर होतो. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे बुजवा, नाहीतर वरच्या खाचरातून झिरप चालूच राहील.

भाताला पाणी काढून घेतल्याची भीती वाटत असेल तर नळी पुरा. 30 सें.मी. लांब, 10 ते 15 सें.मी. व्यासाचा पाइप घ्या. त्याच्या खालच्या 15 सें.मी. भागाला सगळीकडून भोके पाडा, तेवढाच भाग जमिनीत जाऊ द्या आणि आतली माती काढून टाका. लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुरुवात करा. नळीतले पाणी जमिनीखाली 15 सें.मी. गेले की पुन्हा 5 सें.मी. पाणी द्या. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र खाचरातले पाणी उतरू देऊ नका, दाणे पोचट राहतील. फार हलक्या, रेताड जमिनीत आणि खारवट जमिनीत ही पद्धत नको. आणि हे लक्षात ठेवा: नळी कोरडी दिसते त्याच दिवशी सखल कोपऱ्यात पाणी असू शकते. नळी बघायला जाल तेव्हा कोपऱ्यापर्यंत चालत जा.

युरियाचा हप्ता आणि पाणी उतरवणे एकाच दिवशी जुळवा. भरल्या पाण्यात युरिया फेकला की नत्र हवेत जाते, शिवाय नत्रखत दिलेल्या खाचरात अळ्या वाढलेल्या आढळतात. पाणी काढा, ओल्या मातीवर खत द्या, एक-दोन दिवसांनी पाणी परत घ्या.

अळी बघणे

पांढरी पळी किंवा डबा घ्या, काठाने दहा वेळा पाणी काढा. पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी अ‍ॅनॉफेलिसची. डोके खाली करून तिरकी लटकलेली क्युलेक्स किंवा एडिसची. स्वल्पविरामासारखे वळलेले, उड्या मारणारे ते कोष. कोष दिसले तर हातात दोनच दिवस आहेत असे धरा आणि पाणी काढूनच टाका.

इतर कामे

– गोठ्याचे सांडपाणी वाहते करणे
– शेततळ्याचे काठ उभट ठेवणे, काठाचे गवत काढणे
– चाऱ्यावरच्या ताडपत्रीतले पाणी झटकणे
– टायर, फवारणीची पिंपे, रोपवाटिकेतले ट्रे पालथे करणे
– बंदिस्त हौदात गप्पी मासे सोडणे (ओढ्यात, नदीत नकोत, स्थानिक माशांवर गदा येते)

औषधांबद्दल

दुकानदार 'भातावर एक फवारा मारा, कीडही जाईल, डासही' असे सांगेल. घेऊ नका. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके खाचरातले चतुरांचे बाळकीटक, पाणभुंगेरे आणि मासे मारतात. डास आठवड्या-दोन आठवड्यांत परततात, त्यांना खाणारे परतायला हंगाम लागतो. धुराने उडता डास काही वेळ कमी होतो, पाण्यातल्या अळीला ढिम्म काही होत नाही.

पाणी काढताच येत नसेल तरच अळीनाशक. बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जिवाणूचे औषध, उघड्या पाण्यात हेक्टरी 125 ते 750 ग्रॅम तयार उत्पादन अशी जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा आहे. नेमका आकडा लेबलवरचा धरा. पुड्यावर नुसते 'बीटी' असेल तर पूर्ण नाव वाचा. 'कुर्स्ताकी' हे सुरवंटांचे औषध, डासांवर त्याचा उपयोग नाही. कोषावर बीटीआयचाही उपयोग नाही, कारण कोष काही खात नाही. साठवणीच्या पाण्यात टेमिफॉस लिटरला 1 मिलिग्रॅम सक्रिय घटक, म्हणजे 1 टक्का दाणेदार असेल तर 100 लिटरला 10 ग्रॅम.

पिंपे नुसती उपडी करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर आतल्या बाजूला चिकटतात, कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. आतून ब्रशने खरवडून घासा, मगच पालथी ठेवा. आणि पुढचा पाऊस येण्याआधी चराच्या तोंडाशी फावडे घेऊन एकदा जाऊन या. पहिल्या सरीत वाहून आलेला पालापाचोळा तिथेच अडकतो.